भुजंगधारीतला काळा ढग

आष्टीच्या बसस्टँडवर उतरलं की समोर, रसवंतीच्या अंगाला, एक पिवळा पत्रा दिसायचा. त्यावर वर लिहिलेलं होतं 'रेडिओ दुरुस्ती', त्याखाली 'व्हिडिओ कॅसेट भाड्याने मिळतील', त्याखाली 'एस.टी.डी., पी.सी.ओ.', आणि सगळ्यात खाली, ताज्या रंगात, 'इंटरनेट'. वरचं एकही अक्षर भुजंग बागलनं कधी पुसलं नव्हतं. धंदा बदलायचा, पाटीवर एक ओळ वाढायची. पाटी वरून खाली वाचली की माणसाचं निम्मं आयुष्य वाचून व्हायचं.

एक्याऐंशी साली, बाविसाव्या वर्षी, भुजंगनं शेत धाकट्या भावाच्या हवाली केलं आणि जालन्याला जाऊन तो रेडिओ दुरुस्ती शिकून आला. शिकवणारे उस्ताद जुने होते. त्यांनी मन लावून व्हॉल्व्हचा रेडिओ शिकवला. भुजंग आष्टीत दुकान मांडून बसला तेव्हा गावात व्हॉल्व्हचे रेडिओ उरले होते दोन, आणि त्यातला एक कोंबड्या बसायला वापरत होते. मग त्यानं व्हिडिओ आणला. गर्दी चांगली जमली, पण वर्ष-दोन वर्षांत घरोघरी अँटेना उभे राहिले. मग टेलिफोनचा बूथ टाकला, काचेची केबिन केली, आत पंखा लावला. लोक रांगेत उभे राहून मुंबई-पुण्याच्या पोरांशी ओरडून बोलायचे. ही चलती जरा जास्त टिकली. मग लोकांच्या खिशातच फोन वाजायला लागले.

त्याची बायको द्वारकाबाई चुलीपुढून बोलायची, पण बोलणं थेट दुकानापर्यंत पोचायचं. "तुमी शिकून आले, की ती वस्तू जातीच. आता तेवढं मोबाइलचं काई शिकू नका. चांगलं चालून राह्यलंय बिचाऱ्याचं."

भुजंगला राग यायचा नाही. यंत्र म्हटलं की त्याचे हात शिवशिवायचे. धंदा हा त्याला यंत्राजवळ बसायचा बहाणा वाटायचा. दोन हजार चार साली त्यानं जुना कॉम्प्युटर आणला आणि टेलिफोनच्या काचेच्या केबिनमध्येच बसवला, कारण आष्टीत धूळ शिरत नाही अशी तेवढी एकच जागा होती. आत एक खुर्ची मावायची. दुसरा माणूस आत आला तर पहिल्यानं श्वास सोडल्याशिवाय दार लागायचं नाही.

दोन हजार सातच्या जूनमध्ये या केबिनच्या काचेवर बेबीनंदा साळवे मॅडमनी टकटक केलं.

मॅडम गावातल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. वय तिशीच्या पुढं-मागं. त्यांचे वडील अंकुशनगरला उसाच्या वजनकाट्यावर कामाला होते. त्यामुळेच की काय, मॅडम एक शब्द जास्त बोलायच्या नाहीत आणि समोरच्यालाही बोलू द्यायच्या नाहीत.

"भुजंगभाऊ, तुमचं इंटरनेट चालतं का?"

"लाइट आसली तर चालतं. लाइन आसली तर पळतं."

मॅडमनी एक पत्र पुढं केलं. परदेशातली एक संस्था खेड्यापाड्यातल्या शाळांना आपली दुर्बीण वापरायला देत होती. दुर्बीण ऑस्ट्रेलियात, डोंगरावर. शाळेनं आपल्या जागी बसून तिला सांगायचं, अमुक दिशेला वळ, इतका वेळ बघ. ती वळते, फोटो काढते, फोटो कॉम्प्युटरवर येतो. शाळेला वर्षाचे बारा तास फुकट.

"दुरून चालवायची दुर्बीण आहे. रिमोट," मॅडम म्हणाल्या.

"रिमोट?" भुजंग हसला. "आवो मॅडम, आमच्या टीव्हीचा रिमोट खाटंवरून चालत न्हाई. उठून जावं लागतं."

"हा चालतो. आणि तिथं रात्रीचे नऊ, तेव्हा आपल्याकडं दुपारचे साडेचार. शनिवारी शाळा सकाळची असते. मी दुपारी येते. केबिन रिकामी ठेवा."

भुजंगला आनंद कशाचा झाला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्याकडं असं यंत्र घेऊन आलं होतं, जे अजून जायला लागलं नव्हतं.

शनिवारी दोघं यादी उघडून बसले. म्हणजे मॅडम बसल्या आणि भुजंग दारात, अर्धा आत, अर्धा उन्हात. शनीची कडी मागावी तर पुढचे चार महिने भरलेले. चंद्र भरलेला. रंगीत तेजोमेघ, मोठमोठे तारकागुच्छ, सगळ्यांपुढं जगभरच्या शाळांची नावं. मॅडम खाली खाली सरकत गेल्या. शेवटी एक रकाना आला, तो सगळाच्या सगळा मोकळा.

"हे काय?" भुजंगनं विचारलं.

"कृष्णमेघ. काळे ढग. हे कोणी मागत नाही."

"का?"

"वेळ फार लागतो. आणि फोटोत ते काळेच दिसतात. पोरांना रंगीत पाहिजे असतं."

"मंग आपल्याला बराबर हाय," भुजंग म्हणाला. गिऱ्हाईक नसलेल्या गोष्टीचा त्याला पंचवीस वर्षांचा अनुभव होता.

मॅडमचं बोट एका नावावर थांबलं. "हा एक सापासारखा वळलेला आहे. भुजंगधारी नक्षत्रात."

"कशात?"

"भुजंगधारी. नक्षत्राचं नाव आहे."

भुजंग अर्धा होता तो पूर्ण आत आला. दार लागेना. "माझ्या नावाचं नक्षत्र हाय आन् मला आठ्ठेचाळीस वर्षांत कुनी बोललं न्हाई?"

"तुमच्या नावाचं नाही. साप धरणाऱ्याचं आहे."

"त्येच," भुजंग म्हणाला. "हेच मागवा. बिलकुल हेच."

पहिल्या शनिवारी चार वाजता लाइट गेली ती आठला आली. दुसऱ्या शनिवारी भुजंगनं भावाच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली, तारा जोडल्या, कॉम्प्युटर चालू राहिला, लाइनही लागली. भाऊ शेतात ट्रॅक्टरला किल्ली मारून मारून दमला, तो भाग वेगळा. पण इतकं करून पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. मॅडमनी वाचली आणि त्या पहिल्यांदाच हसल्या.

"तिकडं आभाळ भरून आलंय. ढगामुळे आज ढगाचा फोटो रद्द."

तिसऱ्या शनिवारी जमलं. साडेचारला मॅडमनी आज्ञा दिली. तिकडं, न बघितलेल्या डोंगरावर, न बघितलेली दुर्बीण वळली असावी. वीस-वीस मिनिटांचे तीन फोटो काढून ते एकावर एक ठेवायचे होते. शाळेच्या मुली काचेला नाक लावून तासभर उभ्या राहिल्या आणि मग रसवंतीकडं गेल्या. सहा वाजता फोटो उतरायला लागला. वरून एक एक पट्टी. आधी चांदण्याच चांदण्या, परातीत ज्वारीचं पीठ सांडावं तशा. आणि मग मधोमध एक काळा डाग दिसला.

भुजंगनं चटकन खांद्यावरचा रुमाल ओढला आणि पडदा पुसला. डाग गेला नाही. खालची पट्टी उतरली, डाग वळला. आणखी खाली, पुन्हा उलटा वळला. पिठातून साप सरपटत गेल्यावर जसा माग राहतो, तसा तो पार तळापर्यंत गेला.

"भोक पडलं का आभाळाला?" भुजंगचा आवाज बारीक झाला होता.

"भोक नाही. तिथं काहीतरी आहे, म्हणून मागच्या चांदण्या दिसत नाहीत. गार वायू असतो आणि बारीक धूळ."

"धूळ?"

"धूळ."

भुजंगनं दारातून बाहेर पाहिलं. परतूरची बस नुकतीच गेली होती आणि तिच्यामागं रस्ता, रसवंती, पिवळा पत्रा, सगळंच दिसेनासं झालं होतं. "धुळीसाठी आपण इतक्या लांब गेल्तो का मॅडम?"

"याच धुळीतून पुढं नवे तारे होतात."

मॅडम गेल्या तरी भुजंग केबिनमध्ये बसून राहिला. द्वारकाबाईनं जेवायचं दोनदा सांगितलं तेव्हा उठला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोळ झाला तो पाटीपायी.

भुजंगनं फोटोचा मोठा कागद छापून आणला आणि केबिनच्या काचेवर रस्त्याच्या बाजूनं चिकटवला. 'कृष्णमेघ' हा शब्द लोकांना कळायचा नाही म्हणून त्यानं आपल्या वळणदार अक्षरात खाली लिहिलं: 'भुजंगधारी येथील काळा ढग. ऑस्ट्रेलियाच्या यंत्राद्वारे घेतलेला फोटो. संपर्क: भुजंग बागल.'

जुलै लागला होता. पेरण्या होऊन अठरा दिवस झाले होते आणि तेव्हापासून आभाळात कापसाएवढासुद्धा ढग नव्हता. अशात आठवडी बाजार भरला.

पहिले आले काकासाहेब. मोसंबीची बाग असलेला वजनदार माणूस, गावात कुणी त्यांच्यापुढं बोलायचं नाही. काठी टेकवून त्यांनी फोटो पाहिला, खालचं वाचलं, पुन्हा फोटो पाहिला.

"भुजंग, चांगला दाट दिसतोय रे."

"लई दाट हाय काका. मागचं काईच दिसत न्हाई."

"हे भुजंगधारी कुठं आलं? परभणीच्या अलीकडं का पलीकडं?"

"लई पलीकडं काका."

"हितं यायला किती दिस?"

"आवो, तिथून उजेड जरी निघाला तरी हितं पोचायला साडेसहाशे वर्षं."

"उजेडाचं जाऊ दे," काकासाहेब म्हणाले. "ऊन काय कमी पडून राह्यलंय का आपल्याला? ढगाचं बोल."

"ढग येत न्हाई काका. त्यो तिथंच ऱ्हातो. त्यो पाण्याचा न्हाईच. धुळीचा हाय."

काकासाहेबांनी डोळे बारीक केले. आसपास दहा-बारा माणसं जमली होती. त्यांनी मान हलवली, काठी उचलली आणि जाता जाता शेजारच्याला हळूच सांगितलं, "सांगायची परवानगी नसंल त्याला. परदेशी काम आसतं ते."

एवढं पुरलं. दुपारपर्यंत बातमी बाजारभर झाली की भुजंगकडं ऑस्ट्रेलियाचं यंत्र आहे, त्यात काळा ढग पकडलाय, पण वरून हुकूम असल्यामुळे तो धूळ धूळ म्हणतोय. संध्याकाळी मंडपवाले रखमाजी आले. त्यांना एकच विचारायचं होतं, पुढच्या गुरुवारी मांडव साधा टाकू का ताडपत्रीचा? भुजंगनं सांगितलं की ढगाचा आणि गुरुवारचा काहीएक संबंध नाही. रखमाजींनी डोळा मारला आणि ताडपत्रीचा टाकला. दुसऱ्या दिवशी लोकांनी गोवऱ्या आत घेतल्या, कडब्याच्या गंज्या झाकल्या. शेजारच्या मालनबाईनं घराच्या पत्र्यावर दगड वाढवले. आठ दिवस असं कडकडीत ऊन पडलं की झाकलेल्या गंजीखाली मांजरंसुद्धा बसेनात.

पण लोकांचा विश्वास उन्हानं कमी होईना. उलट जवळच्या गावांहून माणसं यायला लागली. एकानं विचारलं, ढग परतूरवरून वळून मंठ्याकडं तर जाणार नाही ना? तिथले लोक वशिलेबाज आहेत. एक जमादार येऊन गेले. त्यांना आतून कळलं होतं की आष्टीतला एक इसम दुर्बिणीतून ऑस्ट्रेलियावर नजर ठेवून आहे. भुजंगनं त्यांना समजावलं की आपण ऑस्ट्रेलियाकडं बघत नाही, ऑस्ट्रेलियातून वर बघतो. जमादारांनी ते वहीत तसंच्या तसं लिहून घेतलं, दोनदा वाचलं आणि पान फाडलं. मग त्यांनीही जाता जाता विचारलंच, "पण येणार कधी?"

भुजंगला पहिल्यांदा भीती वाटली ती मच्छिंद्रमुळे. मच्छिंद्र हा त्याच्या भावाचा शेजारी. तो सायकलवर युरियाची पोती लादून चालला होता. पाऊस यायच्या आधी खत टाकलं की ते मुळाला लागतं. पाऊस आला नाही तर पीक करपतं.

"मच्छिंद्र, कुनी सांगितलं तुला?"

"तुमीच तर फोटो लावला ना भुजंगदादा."

भुजंगनं सायकलचं हँडल धरलं आणि पोती उतरवून दुकानात ठेवून घेतली. मच्छिंद्रला वाटलं, पावसाची तारीख दोन दिवस पुढं गेली असणार. तो समाधानानं गेला.

भुजंग तसाच शाळेत गेला. "मॅडम, फाडून टाकतो मी त्यो फोटो."

"फाडू नका," मॅडम म्हणाल्या. "फाडला तर म्हणतील, ढग आला म्हणून काढला. समजावून सांगू. सगळ्यांना एकदम. दाखवून."

बाजाराच्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीचा हॉल भरला. खिडक्यांतही माणसं होती. बेत साधा आणि चांगला होता. रखमाजींकडून मांडवाच्या बारीक दिव्यांची माळ आणून मागच्या भिंतीवर पसरली होती. ह्या चांदण्या. तिच्यासमोर भुजंगनं घोंगडी धरायची. हा काळा ढग. घोंगडीनं दिवे झाकले, पण विझले नाहीत, आणि घोंगडीतून पाणी गळत नाही. एवढं लोकांनी डोळ्यांनी पाहिलं की झालं. लाइट जायची वेळ दुपारची होती. भुजंगनं वेळापत्रक दोनदा पाहून घेतलं होतं.

मॅडमनी माळ लावली. भिंत लुकलुकली. बायका "आगं बया" म्हणाल्या.

"ह्या समद्या चांदण्या," भुजंग म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "आता बघा. ह्यो काळा ढग म्होरं येऊन राह्यला. आला, आला, आला..." त्यानं घोंगडी वर उचलली.

त्याच क्षणी लाइट गेली.

माळ विझली, पंखे थांबले, लाउडस्पीकर चिरकून गप्प झाला. आणि मग टाळ्यांचा कडकडाट. काकासाहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"आला!" मागून कोणीतरी ओरडलं. दोघं-तिघं तर खरंच दाराशी जाऊन आभाळ बघून आले.

भुजंग घोंगडी धरून तसाच उभा. मॅडमनी कपाळाला हात लावला. त्यांनी मोठ्यानं समजवायचा प्रयत्न केला. धूळ, अंतर, प्रकाश, सगळं सांगितलं. लोक मान डोलवत होते, पण ती मान मॅडमच्या शिक्षणाला होती, बोलण्याला नव्हती.

तेव्हा बायकांच्या बाजूनं द्वारकाबाई उठली. ती सभेत कधी बोलली नव्हती. पदर खोचून ती सरळ काकासाहेबांकडं वळली.

"काका, तुमी वडीलधारे. मला एक सांगा. ह्यांनी रेडिओ आणला, तवा गावात रेडिओ उरले होते का?"

काकासाहेब गोंधळले. "न्हाई. दोन होते."

"व्हिडिओ आणला आन् टीव्ही आले. फोन आणला आन् मोबाइल आले. पंचवीस वर्षांत ह्या माणसानं आणलेली एक तरी गोष्ट येळेवर आली का?"

हॉलमध्ये हशा पिकला. पण तो हशा हळूहळू विरला, आणि लोक विचारात पडले.

"मंग ह्यांनी आणलेला ढग," द्वारकाबाई म्हणाली, "ह्या साली पडंल का? तुमीच सांगा."

काकासाहेबांनी मान खाली घातली. बराच वेळ काठीच्या टोकानं फरशी कोरली. शेवटी म्हणाले, "बाईचं म्हणणं बराबर हाय."

आणि तेवढ्यावर सभा संपली. मॅडमच्या प्रकाशवर्षांनी जे झालं नाही ते भुजंगच्या धंद्यांनी केलं. अर्ध्या तासात गंज्यांवरच्या ताडपत्र्या निघाल्या, गोवऱ्या बाहेर आल्या. मच्छिंद्रला सांगावं लागलं नाही. तो स्वतःच येऊन म्हणाला, पोती राहू द्या तुमच्याकडं, दादा.

भुजंग घरी आला आणि बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडला. द्वारकाबाईनं चहा आणला, बाजूला ठेवला.

"राग आला का?"

"न्हाई."

"तुमची आबरू घालवली मी."

"आबरू न्हाई गेली. पर सगळ्यांम्होरं हिशेबच मांडला तू माझा."

"मंग काय करत होते? मच्छिंद्रचं शेत करपलं आसतं, मंग बोलायला तोंड राह्यलं आसतं का?" तिनं चहा त्याच्याकडं सरकवला. "फोटो चांगला हाय तुमचा. मी पाह्यला. लई बारीक चांदण्या आल्यात."

भुजंग उठून बसला आणि चहा प्याला.

पाऊस पुढं बारा दिवसांनी आला, आपल्या वाटेनं, सगळ्या तालुक्यात सारखा. दोघं-चौघांनी दुकानापुढं येऊन भुजंगला नारळ द्यायचा प्रयत्न केला. त्यानं घेतला नाही. फोटो मात्र काचेवर राहिला. खालची ओळ तेवढी बदलली: 'कृष्णमेघ. पाण्याशी संबंध नाही.'

शाळेचे उरलेले तास त्यानं आणि मॅडमनी सगळे काळ्या ढगांवरच घालवले. कधी जमलं, कधी लाइट गेली, कधी दुर्बिणीला वारा लागून चांदण्यांच्या रेघा झाल्या. भुजंगला इंग्रजी कळत नसलं तरी आता आज्ञा कुठं द्यायची ते बोटांना पाठ झालं होतं. कोणता डाग धुळीचा आणि कोणता यंत्राचा, हे तो पट्टी उतरतानाच ओळखायचा. मॅडमना नंतर ओळखू यायचं. संस्थेला फोटो कळवताना मॅडम भुजंगचंही नाव घालायच्या. दिवाळीनंतर त्या संस्थेकडून जाड कागदाचं एक प्रशस्तिपत्र आलं. सर्वांत जास्त काळे ढग टिपल्याबद्दल. सुरुवात होती, मॅडमनी मराठी करून सांगितलं, 'प्रिय बालमित्र भुजंग'. आणि शेवटी, 'तुझ्या शिक्षकांना आणि आईवडिलांना तुझा अभिमान वाटत असेल.'

"कळवू का त्यांना तुमचं वय?" मॅडमनी विचारलं.

"कशाला?" भुजंग म्हणाला. "बारा तास पोरांसाठी हायेत. उगं बंद करतील."

पुढच्या जूनमध्ये मॅडमची बदली भोकरदन तालुक्यात, राजूरला झाली. नव्या शाळेच्या नावानं त्यांनी पुन्हा अर्ज केला. तिकडं कॉम्प्युटर होता, पण त्यापुढं बसणारं कोणी नव्हतं. मग मॅडम फोनवरून वेळ कळवायच्या आणि भुजंग आष्टीतून दुर्बीण फिरवायचा. जुळत नसलं की मॅडम ओरडायच्या, आणि भुजंग "हो मॅडम, जल्दी करतो मॅडम" म्हणत आपल्याला पाहिजे तेच करायचा.

अशाच एका शनिवारी तो साडेचारला केबिनकडं आला तर खुर्चीत द्वारकाबाई बसलेली. चष्मा नाकावर, एक बोट वर धरलेलं.

"कोणचं बटन आधी?"

"तुला काय करायचंय?"

"ह्या यादीतला ह्यो बारका बघायचाय मला. रोज तुमी त्या सापाच्याच मागं. ह्यो लहान हाय, गोल हाय, ह्याला कुनीच विचारत न्हाई. सांगा, कोणचं बटन?"

भुजंगनं सांगितलं. आत दोघांना जागा नव्हती, म्हणून तो बाहेर रस्त्यावर उभा राहिला आणि काचेतून बघत एक एक अक्षर ओरडून सांगू लागला. द्वारकाबाई एक एक अक्षर दाबू लागली. रसवंतीवरची माणसं ग्लास हातात धरून पाहायला आली. पाऊण तास गेला.

"काई आलं का?" भुजंगनं काचेवर टकटक केलं.

"सरका जरा, उजेड आडवून राह्यले तुमी," ती आतून म्हणाली. "वरली पट्टी उतरून राह्यली आत्ता."